अदृश्य हात आणि तांदळातील खडे

सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसलेली गृहिणी हे दृश्य आता विरळ झाले आहे. तरी वयाची चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या स्मरणात ते निश्चित असेल. या साध्या दृश्याला अर्थशास्त्राच्या इतिहासात जागा मिळाली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ हे तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ या वर्षात नवी दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. पुढे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका छोट्या निबंधात त्यांनी लिहिले की, भारतातील गृहिणींना बाजारातून आणलेला तांदूळ काळजीपूर्वक निवडावा लागतो, कारण तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे त्यात मुद्दाम मिसळलेले असतात.

हा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी नाकारला होता. विषय क्षुल्लक आहे, असा काहींचा अभिप्राय पडला. तर हे खरे मानले तर सारे अर्थशास्त्रच वेगळे लिहावे लागेल, अशीही हरकत एका ठिकाणी घेण्यात आली. दुसरी हरकत अधिक प्रामाणिक होती, असे म्हणावे लागेल. २००१ साली अ‍ॅकर्लॉफ, मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते याच विचाराच्या विस्तारासाठी. त्या विचाराला ‘माहितीचे अर्थशास्त्र’ असे नाव आहे.

अ‍ॅकर्लॉफ यांचे मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे होते. अमेरिकेत खराब निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. समजा, चांगल्या जुन्या गाडीची खरी किंमत दोन लाख रुपये आहे आणि खराब गाडीची एक लाख. आपली गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला नेमके ठाऊक असते. घेणाऱ्याला ते कळण्यास मार्ग नसतो. म्हणून घेणारा मधला मार्ग काढतो आणि दीड लाख देऊ करतो. पण दीड लाखात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या बहुतांशी खराब गाड्या. हे ग्राहकाच्या ध्यानात येताच तो आणखी कमी किंमत देऊ करतो आणि उरलेसुरले चांगले विक्रेतेही पाठ फिरवतात. येथे कोणीही किंमत ठरवून दिलेली नाही, सरकारने हस्तक्षेप केलेला नाही, स्पर्धाही भरपूर आहे; आणि तरीही खोटा माल खऱ्या मालाला हुसकावून लावतो. प्रामाणिक माणसाचे नुकसान होते ते तो अकार्यक्षम आहे म्हणून नव्हे, तर आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही म्हणून.

मुक्त बाजारपेठेच्या तत्त्वज्ञानाला हा धक्का होता. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली ‘अदृश्य हाता’ची कल्पना मांडली. प्रत्येकाने आपापला लाभ पाहिला तरी जणू एक अदृश्य हात सर्वांचे हित साधतो, असा तिचा पुढील पिढ्यांनी घेतलेला अर्थ. विसाव्या शतकाच्या मध्यास केनेथ अ‍ॅरो आणि जेरार्ड डब्रू यांनी त्या कल्पनेला गणिताची भक्कम बैठक दिली. परंतु त्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: कोणता माल कसा आहे, याविषयी बाजारातील सर्वांना सारखीच माहिती असते. हे गृहीतक काढून घेतले तर काय उरते? स्टिग्लिट्झ यांनी आपले आयुष्य या प्रश्नाला वाहिले. १९८६ साली ब्रूस ग्रीनवाल्ड यांच्यासमवेत त्यांनी दाखवून दिले की, माहिती अपुरी असेल तेव्हा (आणि ती बहुधा अपुरीच असते) बाजार आपोआप सर्वोत्तम स्थितीला पोहोचतो असे म्हणता येत नाही. तो हात दिसत नाही, कारण पुष्कळदा तो तेथे नसतोच, असे ते विनोदाने म्हणत आले आहेत.

येथे दुसऱ्या बाजूला न्याय देणे आवश्यक आहे. मुक्त बाजारपेठेचा सर्वात बळकट युक्तिवादही माहितीवरच उभा आहे. फ्रिड्रिश हायेक यांनी १९४५ साली तो मांडला. समाजातील ज्ञान लक्षावधी माणसांत विखुरलेले असते. ते कोणत्याही सरकारी कचेरीत गोळा करता येत नाही. ते एकमेकांपर्यंत पोहोचवण्याचे काम किंमत करते. सोव्हिएत रशियातील मध्यवर्ती नियोजनाचे जे झाले ते पाहता हायेक यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण त्यांच्या बाजूने साक्ष देते. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाईल फोनची सेवा पोहोचली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. फोन येण्यापूर्वी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून द्यावी लागे आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात त्याच सकाळी मासळीची टंचाई असे. पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के अशी वाया जाई. होडीतूनच भाव विचारता येऊ लागला तेव्हा ही नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. अर्नाळा किंवा पाचूबंदर येथील कोळी बांधवांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र मासळीचा भाव ही सांगण्यास सोपी माहिती आहे. ती खरी की खोटी हे तासाभरात कळते, आणि मासळी ताजी आहे की नाही हे कल्ला उचलून पाहिले की समजते. सारीच माहिती इतकी सरळ नसते. कर्ज मागणाऱ्याच्या मनात काय आहे, औषधाच्या गोळीत काय आहे, विमापत्राच्या बारीक अक्षरांत काय दडले आहे, हे फोन करून कळत नाही.

कर्जाचाच विचार करू. स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ साली एक जुने कोडे सोडवले. कर्जाला मागणी जास्त असेल तर बँका व्याजदर वाढवून सर्वांनाच कर्ज का देत नाहीत? कारण, व्याजदर वाढवला की सावध आणि प्रामाणिक कर्जदार प्रथम माघार घेतात. मागे राहतात ते धाडसी, अथवा परतफेडीचा फारसा विचार न करणारे. म्हणून बँक व्याजदर वाढवण्याऐवजी काहींना दारातूनच परत पाठवते. तारण नसलेला गरीब माणूस कितीही प्रामाणिक असला, कितीही व्याज देण्यास तयार असला, तरी तो या रांगेबाहेर राहतो. मग त्याला सावकार गाठावा लागतो. सावकाराला त्याची इत्थंभूत माहिती असते, आणि त्या माहितीची किंमत तो वसूल करतो.

ही कोंडी फोडणारी माणसे सिद्धान्ताच्या पुष्कळ अगोदर होऊन गेली. जर्मनीत फ्रिड्रिश विल्हेल्म रायफायझन यांनी एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्या काढल्या. छोटानागपूरमध्ये येशूसंघीय फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ साली आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. आणि वसईत १९१८ साली मोन्सिनॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी संस्था सुरू झाली, तिचे आजचे रूप म्हणजे आपल्या परिचयाची बॅसीन कॅथॉलिक बँक. या संस्थांना धर्मादाय कार्य समजले जाते, पण त्यांच्या यशामागे अर्थशास्त्रही होते. कोणाची बागायत कशी चालते, कोण दारूच्या नादी लागला आहे, कोणाचे आजारपणामुळे हप्ते थकले आहेत, हे गावाला ठाऊक असते. मुंबईच्या मोठ्या पेढीला जी माहिती मिळवण्यास अफाट खर्च आला असता, ती येथे रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात फुकट मिळत होती! ओळख हेच त्या पतपेढ्यांचे खरे भांडवल होते.

जागतिकीकरणाने नेमके हेच भांडवल निकामी केले. पैसा ओळखीच्या पलीकडे गेला आणि ओळखीची जागा कागदाने घेतली. १९९० च्या दशकात थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया या देशांनी परकीय अल्पमुदतीच्या पैशासाठी आपली दारे उघडली. जगभरातील गुंतवणूकदारांनी तेथे डॉलर ओतले. आपला पैसा कोणत्या कंपनीत, कोणत्या इमारतीत जातो आहे, हे त्यांतील कितीजणांना माहीत होते? २ जुलै १९९७ रोजी थायलंडला बाथ हे आपले चलन सोडून द्यावे लागले आणि ज्यांना आत शिरताना काही ठाऊक नव्हते ते बाहेर पडतानाही एकमेकांच्या पाठीकडे पाहून पळाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने उपाय सुचवला तो व्याजदर चढे ठेवण्याचा आणि खर्च आवळण्याचा. स्टिग्लिट्झ त्या वेळी जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी उघड विरोध केला. चढ्या व्याजाने चांगले उद्योगही बुडतील आणि ते बुडाले की बँकांपाशी त्यांच्याविषयी वर्षानुवर्षे साठलेले ज्ञानही त्यांच्यासोबत नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. २००० साली ते त्या पदावरून दूर झाले. गंमत अशी की, पैशाच्या परदेशी ये-जा करण्यावर प्रसंगी निर्बंध घालणे योग्य ठरू शकते, हे नाणेनिधीनेच २०१२ साली अधिकृतपणे मान्य केले. तोपर्यंत पंधरा वर्षे लोटली होती, आणि जकार्ता व बँकॉकमधील ज्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या मान्यतेचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतरचे संकट तर श्रीमंतांच्या अंगणातच उगवले. अमेरिकेत घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांनी ती कर्जे आपल्यापाशी ठेवलीच नाहीत. हजारो कर्जांची मोट बांधून, तिचे तुकडे करून ते जगभर विकले. कर्ज देणाऱ्याला परतफेडीची फिकीर उरली नाही आणि तुकडा विकत घेणाऱ्याला कर्जदाराचे तोंडही ठाऊक नव्हते. मध्ये उभ्या असलेल्या मूल्यांकन संस्थांनी त्या तुकड्यांवर सर्वोच्च दर्जाची मोहोर उमटवली. त्यांचे शुल्क मात्र विकणाराच देत होता. सुपातील खडे निवडण्याचे काम जणू दुकानदाराच्याच नोकरावर सोपवले होते. उत्तर नॉर्वेतील नार्विकसारख्या लहान नगरपालिकांनी अमेरिकन नगरपालिकांच्या रोख्यांशी जोडलेल्या अशाच गुंतागुंतीच्या योजनांत भावी उत्पन्न गुंतवले होते. २००७ साली ते मोठ्या प्रमाणात बुडाले. ध्रुववृत्तापलीकडच्या त्या गावात शाळा आणि वृद्धांची शुश्रूषा यांच्या खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख आणि मुक्त बाजारपेठेचे खंदे पुरस्कर्ते अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी संसदीय समितीपुढे कबूल केले की, आपल्या विचारप्रणालीत आपल्याला एक दोष आढळला आहे.

परंतु हे समजून घेण्यासाठी नॉर्वेला जाण्याचे कारण नाही. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्व येथील ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जमीनदोस्त करण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्या जमिनीचा काही भाग कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होता. ज्यांनी तेथे घरे घेतली त्यांपैकी बहुसंख्यांनी आयुष्याची पुंजी लावलेली होती. ‘कागदपत्रे तपासायला नकोत का?’ असे आपण सहज म्हणतो. पण क्षणभर विचार करावा. घर हा आयुष्यात एकदा होणारा व्यवहार आहे. तांदूळ खराब निघाला तर पुढच्या महिन्यात दुकान बदलता येते. घराच्या बाबतीत ही शिक्षा देण्याची संधी ग्राहकाला मिळत नाही, आणि विकणाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक असते. कागद खरा की बनावट, हे ओळखणे हिशेबनीस किंवा कारखान्यातील कामगार यांच्या आवाक्याबाहेरचे असते. शिवाय शेजारच्या इमारतीला वीज मिळालेली असते, लोक राहत असतात. मग आपलीही इमारत ठीकच असणार, असे कोणालाही वाटेल. बाजाराने दिलेला संकेत खोटा होता, एवढेच.

या प्रकरणात एक गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. माहिती अस्तित्वात होती. जमिनीवरचे आरक्षण शहराच्या विकास आराखड्यात असते आणि तो सरकारी दस्तऐवज आहे. म्हणजे ज्ञान होते, पण जेथे त्याची गरज होती तेथे ते पोहोचले नाही. म्हणूनच ‘बाजार चुकतो, तेव्हा सरकार आणा’ इतके सोपे उत्तर माहितीचे अर्थशास्त्र देत नाही. सरकारलाही सारे ठाऊक नसते, आणि जे ठाऊक असते ते सांगण्यात सरकारी माणसाचा लाभ असेलच असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, बांधकाम व्यावसायिकांना प्रकल्पाची नोंदणी करणे, मंजुऱ्या जाहीर करणे आणि चटईक्षेत्र स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. व्यवसाय स्वातंत्र्यावर हे अतिक्रमण आहे अशी तक्रार तेव्हा झाली. माझ्या मते हा कायदा बाजाराच्या विरोधात नसून त्याच्या बाजूचा आहे; कारण सचोटीने बांधणाऱ्या व्यावसायिकाला आपली सचोटी दाखवण्याचे साधन त्यातून मिळते. अडचण एवढीच की, ज्यांनी नोंदणीच केली नाही अशांकडून घर घेणाऱ्याला या कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात सहजी लाभत नाही, आणि स्वस्त घर बहुधा तेथेच मिळते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला हा विषय परका नाही. खोट्या तराजूने गरिबांना लुबाडणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने ओढलेले आसूड आपण उपासनेत ऐकतो. खोटा तराजू म्हणजे तरी काय? वजन किती आहे, हे एकालाच ठाऊक असणे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या विश्वपत्रात बाजारव्यवस्थेची उपयुक्तता मोकळेपणाने मान्य केली. पण त्याच विश्वपत्रात त्यांनी दाखवून दिले की, आता मालकी केवळ जमिनीची आणि यंत्रांची राहिलेली नाही. ज्ञान आणि कौशल्य हेही मालकीचे नवे रूप आहे, आणि असंख्य माणसे ज्ञानाच्या या जाळ्याबाहेरच राहिली आहेत. बर्लिनची भिंत पडून दोन वर्षेही झाली नव्हती आणि सर्वत्र बाजाराचा जयघोष चालू होता, तेव्हाचे हे लेखन आहे. २००३ साली त्यांनीच स्टिग्लिट्झ यांची सामाजिक शास्त्रांच्या परमधर्मपीठीय अकादमीवर नेमणूक केली. स्टिग्लिट्झ ज्यू कुटुंबातील आहेत. सत्य शोधणाऱ्याचा धर्म तेथे आड आला नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या ‘कारितास इन वेरिताते’ या विश्वपत्रात म्हटले की, परस्परविश्वासाशिवाय बाजार आपले आर्थिक कार्यदेखील पुरते करू शकत नाही. हे वाक्य प्रवचनातील उपदेशासारखे वाटते. अ‍ॅकर्लॉफ यांच्या मोटारींचे गणित मांडले तर मात्र उत्तर तेच येते.

सध्याचे पोप चौदावे लिओ यांनी मे २०२५ मध्ये आपल्या नावाचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्राचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उभ्या केलेल्या नव्या प्रश्नांचा एकत्र उल्लेख केला. त्यातील एक प्रश्न आपल्या खिशातच आहे. अ‍ॅकर्लॉफ यांच्या काळी विकणाऱ्याला मालाची माहिती अधिक होती. आता त्याला गिऱ्हाइकाचीही माहिती अधिक आहे. आपण रात्री कोणत्या आजाराविषयी वाचले, पगार कोणत्या तारखेला संपतो, कोणत्या वस्तूसाठी आपण थोडे अधिक पैसे मोजू, हे मोबाईलमधील कंपन्यांना कळते; त्या आपल्याविषयी काय जाणतात, हे आपल्याला कळत नाही.

या विषमतेला आवर घालण्यासाठी भारताने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा आवश्यकच होता. परंतु त्याच कायद्यातील एका कलमाने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात बदल केला. पूर्वी अधिकाऱ्याने ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे म्हटले तरी व्यापक जनहिताची कसोटी त्याच पोटकलमात लिहिलेली होती. ती आता तेथून वगळण्यात आली आहे. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात शिल्लक आहे, असे सरकार म्हणते. माहिती अधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना ते पुरेसे वाटत नाही. नाव दिसले की अर्ज फेटाळण्याचे निमित्त मिळेल, अशी त्यांना भीती आहे. राखीव भूखंडावरच्या इमारतीकडे कोणत्या अधिकाऱ्याने दुर्लक्ष केले, हे विचारू पाहणाऱ्या नालासोपाऱ्यातील बेघर कुटुंबाचा अर्ज उद्या कोणत्या पोटकलमाखाली निकाली निघेल, हे आपल्याला लवकरच पाहायला मिळेल.